कुंपणाच्या लाकडाला दाखला हवा

मुंबई-पुण्यात उमेद खर्ची घालून उतारवयाकडे झुकलेल्या ज्या अनेक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात किंवा आपल्या मूळच्या कोकणातल्या गावी लहानसे घर बांधून भोवती चार-दोन गुंठ्यांची बाग राखली आहे, त्यांच्यापुढे घर पुरे झाल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो कुंपणाचा. आणि घर बांधताना पायाच्या दगडापासून सिमेंटच्या गोणीपर्यंत प्रत्येक वस्तूची कसून चौकशी करणारी ही सुजाण माणसे कुंपणाचे काम मात्र, ते किरकोळ आहे अशा समजुतीने, पहिल्या भेटलेल्या ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर सोपवून मोकळी होतात. दोन पावसाळे ते कुंपण दिमाखात उभे राहते. तिसऱ्या पावसाळ्यात एक खांब कलतो, त्याच्या ओढीने दुसरा कलतो, आणि गुरे व रानडुकरे बागेत शिरू लागली की ठेकेदाराचा शोध सुरू होतो, तोवर तो दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या कामावर गेलेला असतो. मग पावसाला, वाळवीला, लाकडाला आणि त्या ठेकेदाराला यथेच्छ दोष देण्यात येतो. माझे मत असे की खरा दोष त्या व्यवहाराकडे जातो, ज्यात लाकडावर कोणती प्रक्रिया झाली याचा लेखी दाखला विक्रेत्याने दिला नाही, गिऱ्हाइकाने मागितला नाही आणि ठेकेदाराला त्याची गरज भासली नाही. हा दाखला मागण्याचा परिपाठ आपण पाडला पाहिजे आणि तो देण्याचे बंधन शासनाने वखारदारांवर घातले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

लाकडी खांब नेमका कोठे मरतो हे ज्याने पाहिले नाही त्याला या दाखल्याचे महत्त्व पटणार नाही. कलंडलेला खांब उपटून अंगणात आडवा टाकावा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो वरपासून खालपर्यंत टोचत जावे. वरचा भाग उन्हापावसाने करडा पडलेला असतो, त्यावर बारीक चिरा असतात, परंतु टोक आत शिरत नाही. अगदी बुडाचा, खोल मातीतला भाग काळपट व ओला असला तरी बहुधा टणकच लागतो. मधला वीतभर पट्टा मात्र, म्हणजे जमिनीच्या पातळीच्या थोडा वर आणि थोडा खाली, असा भुसभुशीत झालेला असतो की लोखंड विनासायास आत जाते आणि बाहेर काढताना तपकिरी रंगाचे चौकोनी तुकडे सांडतात. याचे कारण उघड आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. वर हवा असते पण लाकूड मधूनमधून सुकते, खोल मातीत ओल असते पण हवा तोकडी पडते, आणि या दोहोंचा कायमचा संगम होतो तो फक्त जमिनीच्या पातळीला. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीचे काही चालत नाही. परंतु रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जेथे वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे मातीत रोवलेल्या लाकडाकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पावसाळा सरला की वाळवीची पाळी येते. मातीची नळी बांधत ती याच पट्ट्यातून वर चढते आणि बुरशीने मऊ केलेले लाकूड पोखरते. कुंपणाचे आयुष्य ठरवणारा हा पट्टा रंध्याने गुळगुळीत केलेला नसतो, त्याच्यावर पॉलिश नसते, आणि वखारीत लाकूड निवडताना गिऱ्हाइकाचे लक्षही तिकडे जात नाही.

यावर उपाय म्हणून वखारदार ‘ट्रीटेड’ लाकूड पुढे करतो, आणि येथेच खरी गफलत होते, कारण या एका नावाखाली परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले चार प्रकार विकले जातात. कोणी खांबाच्या बुडाला डांबराचा हात देतो. कोणी गॅरेजमधून आणलेल्या जळक्या ऑइलच्या पिंपात खांब रात्रभर उभे करून ठेवतो. कोणी वाळवीनाशक औषध पाण्यात कालवून कुंच्याने फासतो. आणि फार थोडे जण लाकूड लोखंडी नळकांड्यात घालून दाबाखाली औषध खरोखर आतपर्यंत मुरवतात. पहिल्या तीन प्रकारांत द्रव्य लाकडाच्या कातडीपुरते राहते. पुढे उन्हाने लाकडाला चीर पडली की ती चीर हे कवच भेदून थेट आतल्या कोरड्या, निःशस्त्र लाकडापर्यंत जाते, आणि बुरशीच्या बीजाला एवढी वाट पुरते. एका वखारीत, मालकाच्या संमतीने, हिरवट झाक असलेला चार इंची खांब मधोमध कापवून मी पाहिला: हिरवा रंग नखभर जाडीच्या कडेपुरता होता आणि आतले सारे लाकूड फिकट, जसे झाडातून निघाले तसेच होते. हा खांब पाच वर्षे टिकेल असे सांगून विकला जात होता, आणि मालक लबाड होता असेही म्हणता येत नाही; त्याला माल पुरवणाऱ्याने जे सांगितले तेच तो पुढे सांगत होता. खरेदीपूर्वी एक खांब मधून कापून दाखवण्याचा आग्रह धरावा, त्या खांबाची किंमत आपण द्यावी लागली तरी द्यावी. अख्ख्या कुंपणाच्या खर्चात ती रक्कम नगण्य असते आणि तिने मिळणारी माहिती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

दाबाखाली औषध मुरवण्याची विद्या नवी नाही. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने 1838 साली तिचे पेटंट घेतले. लाकूड बंद नळकांड्यात ठेवायचे, पंपाने त्यातली हवा शोषून काढायची, मग द्रव्य सोडून वातावरणाच्या अनेक पट दाब द्यायचा, म्हणजे हवा काढून रिकाम्या केलेल्या पेशींत द्रव्य घुसते. शेवटी पुन्हा निर्वात करून जादा द्रव्य निथळून घ्यायचे. बेथेलने त्यासाठी दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे क्रिओसोट वापरले आणि रेल्वेच्या लाकडी स्लीपरांचे आयुष्य त्याने कितीतरी वाढवले. परंतु क्रिओसोट काळे, तेलकट व उग्र वासाचे असते, घराजवळ ते नकोसे होते. पाण्यात विरघळणारे आणि तरीही पावसात धुऊन न जाणारे द्रव्य हवे होते, आणि या वरवर विसंगत वाटणाऱ्या मागणीची पूर्तता आपल्या देशात झाली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने 1933 साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे असे मिश्रण सिद्ध केले की त्यातले तांबे बुरशीला आवरते, आर्सेनिक किडीला व वाळवीला मारते, आणि क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी असे जखडून टाकते की पाऊस त्यांना सहजासहजी सोडवू शकत नाही. पुढे अनेक दशके जगभरातल्या विजेच्या खांबांना, पुलांना, धक्क्यांना आणि लक्षावधी बागांच्या कुंपणांना याच मिश्रणाने आयुष्य दिले. ज्या देशात हा शोध लागला त्याच देशातल्या गिऱ्हाइकाला आपण घेतलेल्या खांबात ते द्रव्य आहे की नुसता हिरवा रंग आहे हे आज सांगता येऊ नये, याची मला मनापासून खंत वाटते.

आर्सेनिकाचे नाव ऐकून कोणाही गृहस्थाच्या मनात शंका येणे साहजिक आहे, आणि ती उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. या मिश्रणातून मातीत व हाताला थोडेथोडे आर्सेनिक लागते म्हणून अमेरिकेतल्या उत्पादकांनी 2003 सालच्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी ते आपण होऊन बंद केले आणि युरोपातही त्यावर कडक निर्बंध आले. त्याच्या जागी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली, आर्सेनिक नसलेली मिश्रणे आली. माझा कौल असा की रानाच्या कडेला, जेथे मुलांचा वावर नाही आणि वाळवीचा उपद्रव भयंकर आहे, तेथे जुने मिश्रण वापरलेला खांब चालेल. पण ज्या कुंपणाला टेकून नातवंडे उभी राहतात, ज्याच्या बुडाशी पालक-मेथीचे वाफे आहेत, तेथे आर्सेनिकविरहित द्रव्याचाच आग्रह धरावा, मग दोन पैसे जास्त गेले तरी बेहत्तर. एक सावधगिरी मात्र सुताराला आधीच सांगून ठेवावी लागते: नव्या मिश्रणांतले तांबे साध्या लोखंडी खिळ्याला लवकर गंजवते, म्हणून खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्या जाड जस्ताच्या मुलाम्याच्या किंवा स्टेनलेस पोलादाच्या असल्या पाहिजेत, अन्यथा लाकूड शाबूत राहून पट्ट्या गळून पडण्याचा प्रसंग येतो. बोरॅक्स व बोरिक अॅसिड यांचे मिश्रण निरुपद्रवी म्हणून सुचवले जाते, आणि घरातल्या दारे-खिडक्यांना ते उत्तम आहे. परंतु ते पाण्यात विरघळलेलेच राहत असल्याने उघड्या पावसात पार धुऊन जाते, आणि कुंपणाच्या कामी त्याचा उपयोग नाही.

आता लाकडाच्या जातीचा विचार. आपल्याकडे ‘साग आहे, काळजी नको’ हे वाक्य इतक्या विश्वासाने उच्चारले जाते की ते खोडून काढणे अवघड जाते, पण त्यात अर्धेच सत्य आहे. टिकाऊपणा ठरवण्यासाठी आपल्याकडे जी पद्धत रूढ आहे तीत 60 सेंटिमीटर लांबीचे व 5 सेंटिमीटर चौरस जाडीचे नमुने निम्म्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवतात आणि ते किती महिन्यांनी नष्ट होतात ते पाहतात. सरासरी 120 महिन्यांहून अधिक टिकलेले लाकूड पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने टिकलेले दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकलेले तिसऱ्या वर्गात जाते. साग पहिल्या वर्गात येतो. आंबा, सावर, चीड तिसऱ्यात. परंतु सागाला मिळालेले हे मानाचे स्थान त्याच्या गाभ्याच्या लाकडाचे आहे, सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाचे नव्हे. आणि लागवडीतल्या कोवळ्या सागाचे बारीक वासे जेव्हा कुंपणासाठी स्वस्तात मिळतात तेव्हा त्यांत गाभा अंगठ्याएवढा आणि पांढरे लाकूड चहूबाजूंनी भरपूर असते. ते पांढरे लाकूड आंब्याइतक्याच लवकर कुजते. उलट हेही ध्यानात घ्यावे की औषध पिते ते हेच पांढरे लाकूड. घट्ट गाभ्यात दाबानेही ते फारसे शिरत नाही. त्यामुळे पांढरे लाकूड जास्त असलेला गोल खांब, पुरता सुकवून व दाबाखाली औषध मुरवून घेतला, तर नुसत्या नावाच्या सागापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. सुकवण्याची अट येथे कळीची आहे. ज्या लाकडाच्या पेशी स्वतःच्याच पाण्याने भरलेल्या आहेत त्यांत बाहेरचे द्रव्य कोठून शिरणार? मे महिन्यात तोडलेले आणि जूनच्या आत ‘ट्रीटमेंट करून’ दारात आलेले लाकूड संशयास्पद समजावे.

सिंधुदुर्गातल्या माणग्याच्या बांबूचा मी येथे मुद्दाम उल्लेख करतो, कारण त्याच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. जवळजवळ भरीव, सरळ आणि बिनकाट्यांचा हा बांबू शेतकऱ्याच्या बांधावर होतो; 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळल्यापासून त्याच्या तोडीची व वाहतुकीची कटकटही कमी झाली आहे. प्रक्रियेविना जमिनीत रोवलेला बांबू एक ते तीन वर्षांत जातो हे खरे, पण ताज्या तोडलेल्या बांबूच्या एका टोकातून दाबाने औषध ढकलून दुसऱ्या टोकातून त्याचा रस बाहेर काढण्याची सुटसुटीत रीत उपलब्ध आहे, आणि कुडाळच्या कोनबॅक या संस्थेने प्रक्रिया केलेल्या बांबूचे काम कोकणात रुजवले आहे. बागेच्या कुंपणाच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांसाठी यापेक्षा चांगला व आपल्याच मातीतला पर्याय मला दिसत नाही. स्वतःच्या वाडीतला फणस, ऐन किंवा किंजळ तोडून खांब करण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी मात्र 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाखाली आगाऊ परवानगी घ्यावी. झाड आपले असले तरी त्याची तोड आपल्या एकट्याच्या मर्जीवर नाही.

लाकडाच्या दाखल्याविषयी मी जे म्हणतो आहे त्याला आधार नाही असे नाही. लाकूड टिकवण्याच्या प्रक्रियेसाठी भारतीय मानक 401 अस्तित्वात आहे, 2001 साली त्याची चौथी सुधारित आवृत्ती निघाली. कोणत्या वापरासाठी कोणते द्रव्य घ्यावे आणि एका घनमीटर लाकडात ते किती किलोग्रॅम मुरले पाहिजे याचा तपशील त्यात दिलेला आहे. सरकारी निविदांत या मानकाचा हवाला असतो. वखारीच्या पावतीवर मात्र ‘ट्रीटेड खांब, नग इतके’ यापलीकडे अक्षर नसते. न्यूझीलंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे: तेथील रेडिएटा पाइन हे मुळात लवकर कुजणारे लाकूड, पण तेथे प्रक्रिया केलेल्या लाकडाला वापरानुसार वर्ग दिलेले आहेत, जमिनीला न टेकणाऱ्या बाहेरच्या कामासाठी एच 3, जमिनीत रोवण्याच्या कुंपणाच्या खांबासाठी एच 4, त्याहून जोखमीच्या जागेसाठी एच 5, आणि हा वर्ग लाकडाच्या टोकाशी छापाने किंवा चिठ्ठीने नोंदलेला असतो. तेथला सामान्य माणूस रसायनशास्त्र जाणत नाही, तो ती खूण पाहतो. आपल्याकडे यावर असा आक्षेप येईल की लहान वखारदाराला हा बोजा पेलणार नाही आणि तपासणीच्या नावाखाली आणखी एक निरीक्षक त्याच्या दारात उभा राहील. ही भीती मी क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच माझी मागणी परवान्याची नाही, पावतीची आहे: लाकडाची जात, वापरलेले द्रव्य, प्रक्रियेची रीत, मुरलेले प्रमाण, प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचे नाव व तारीख एवढे पावतीवर लिहिणे बंधनकारक करावे, आणि ज्याने प्रक्रिया केलीच नाही त्याने ‘प्रक्रियाविरहित’ असे लिहून तेच लाकूड खुशाल कमी भावात विकावे. जो प्रामाणिक आहे त्याला चार ओळी लिहायला काही लागत नाही, आणि आज स्पर्धेत मार खातो तो हा प्रामाणिक वखारदारच, कारण दाब देऊन मुरवलेला त्याचा खांब आणि पिंपात बुडवलेला शेजाऱ्याचा खांब दिसायला सारखेच असतात.

ठेकेदार निवडताना लोक त्याचे नुकतेच पुरे झालेले काम पाहायला जातात, आणि नवे कुंपण कोणाचेही सुंदरच दिसते. त्याने चार-पाच पावसाळ्यांपूर्वी केलेले काम कोठे आहे हे विचारावे, तेथे जाऊन मालकाच्या परवानगीने खांबाच्या बुडाची माती थोडी उकरून वर सांगितलेली टोचणी करावी, आणि मालकाशी दोन शब्द बोलावेत. जो ठेकेदार जुन्या कामाचा पत्ता द्यायला कां-कूं करतो त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा. भावाच्या बाबतीतही रनिंग फुटाचा एकच ठोक दर ऐकून निर्णय घेऊ नये. लाकूड, खिळे-स्क्रू, खड्डे, मजुरी व वाहतूक यांचे आकडे वेगवेगळे मागावेत, म्हणजे दोन ठेकेदारांपैकी एकाचा दर कमी का आहे ते आपोआप उघड होते. बहुतेक वेळा ती कपात लाकडाच्या प्रक्रियेत किंवा खड्ड्याच्या खोलीत केलेली असते. खड्डे खणण्याची आणि खांब उभे करण्याची मजुरी चांगल्या खांबाला जेवढी तेवढीच वाईट खांबालाही द्यावी लागते, आणि कुंपण पडल्यावर तीच मजुरी पुन्हा एकदा मोजावी लागते, हा हिशेब ठेकेदार सांगत नाही. तो आपणच मांडायचा असतो.

तोंडी करारही 1872 च्या करार अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे करारच असतो, परंतु तो शाबीत करायची वेळ आली की साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागते, आणि ज्या गावात ठेकेदार कोणाचा मेहुणा व साक्षीदार कोणाचा भाचा असतो तेथे ते किती जड जाते हे सांगायला नको. साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सहीचा करारनामा करावा. त्यात कामाची मुदत असावी, खांबाची जाडी व दोन खांबांतले अंतर असावे, लाकडाचा वर सांगितलेला दाखला जोडण्याची अट असावी, कामावरच्या मजुराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची याचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसे कोणत्या टप्प्याला द्यायचे ते असावे. इसारा म्हणून लाकडाच्या खरेदीपुरती रक्कम आगाऊ द्यायला हरकत नाही. खांब उभे राहिल्यावर दुसरा हप्ता, पट्ट्या ठोकून झाल्यावर तिसरा. पण एकूण रकमेचा दहावा हिस्सा अनामत म्हणून राखून ठेवावा आणि तो एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, खांब तपासून द्यावा. ही अट ऐकून पुष्कळ ठेकेदार नाराज होतात. मला ती अन्यायाची वाटत नाही, मात्र ठरलेल्या दिवशी ती रक्कम विनातक्रार देणे हेही मालकाचे तितकेच कर्तव्य आहे. अनामत बुडवणारे मालक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळेच चांगल्या कारागिरांचा या अटीवरचा विश्वास उडाला आहे. एवढे करूनही काम निकृष्ट निघाले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली, मोबदला घेऊन दिलेल्या सदोष सेवेबद्दल, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तेथे करारनामा, पावती आणि खांबाचे छायाचित्र हेच आपले साक्षीदार.

आणखी एक गोष्ट, जी खरे म्हणजे सर्वांआधी यायला हवी: भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम झाल्याशिवाय एकही खड्डा खणू नये. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे आपल्या दिवाणी न्यायालयांत काही थोडे नाहीत, आणि उत्तम लाकडाचे मजबूत कुंपण चुकीच्या जागी उभे राहिले तर ते केवळ एक टिकाऊ कज्जा होते. पाण्याची वाहती वाट किंवा शेजाऱ्याची पूर्वापार वहिवाट कुंपणाने अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार ते काढायला लावू शकतात. हेही सांगितले पाहिजे की लांबच लांब हद्दीला लाकडाचा अट्टहास धरू नये. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा आणि घाटावर सागरगोटी किंवा करवंदीची जिवंत वई ही कामे पूर्वजांनी उगाच केली नव्हती. लाकडाचे कुंपण घराभोवतीच्या बागेला शोभते आणि तेवढ्यापुरते ते नीट करावे.

प्रत्यक्ष काम चालू असताना मालकाने हजर राहावे, निदान खांब उभे करायच्या दिवशी तरी. पाच फूट उंचीच्या कुंपणाला खांब दोन ते अडीच फूट जमिनीत जायला हवा; काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणखी खोल. खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी घालावी, म्हणजे पाणी झिरपून जाते. सिमेंटचे काँक्रीट घालायचे तर ते खांबाच्या बुडाखाली न घालता भोवती घालावे आणि वरच्या तोंडाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, एरवी काँक्रीटची ती वाटी पाणी धरून ठेवते आणि खांब त्यातच कुजतो. खांबाच्या माथ्याला तिरका छेद द्यावा, त्यावर पाणी ठरत नाही. खांब लांब भरला तर तो वरून कापावा. मजूर सोयीसाठी बूड कापतात आणि औषध मुरलेला भाग बाहेर टाकून कापलेले कोरे लाकूड जमिनीत घालतात, ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की प्रत्येक ठेकेदाराला ती आधी बजावून सांगावी असे मला वाटते. जेथे कापावे किंवा भोक पाडावे लागेल तेथे त्याच जातीच्या घट्ट द्रव्याचे दोन-तीन हात लगेच द्यावेत. कापणाऱ्याने तोंडाला फडके व हातात मोजे घालावेत, ती त्याची चैन नव्हे.

आणि उरलेले तुकडे. काम संपल्यावर अंगणात कापलेल्या टोकांचा आणि भुशाचा ढीग पडतो, आणि आपल्याकडे लाकडाचा तुकडा वाया घालवण्याची रीत नसल्याने तो न्हाणीघराच्या बंबाकडे किंवा मागीलदारच्या चुलीकडे जातो, राख भांडी घासायला किंवा वांग्या-मिरच्यांच्या आळ्यांत जाते. आर्सेनिकयुक्त द्रव्य मुरलेले लाकूड जाळले की त्यातले आर्सेनिक काही धुरात जाते आणि बरेचसे राखेत साठून राहते. तो धूर त्या घरातल्या बाईच्या छातीत जातो आणि ती राख जेवणाच्या ताटापर्यंत पोचू शकते, गुरांनी चाटली तर जनावर दगावते. हिरवट झाक असलेला एकही तुकडा पेटवू नये, भुसा खतात मिसळू नये. सारे तुकडे व भुसा गोणीत भरून ठेकेदाराने प्रक्रिया केंद्राकडे परत न्यावा, आणि हे कलम करारनाम्यात पैशाच्या कलमाच्या आधी लिहावे.